जुनी एमजीबी: आधी पत्रा, मग वायर, मग इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. सेल्फ मारा म्हणतो, कान देऊन आवाज ऐकतो, मागे जाऊन धूर बघतो. एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्स कार घेताना हे सगळं शेवटी करायचं. तिचं इंजिन खराब निघालं तर उतरवून, खोलून दुरुस्त होतं, आणि त्याचे जवळजवळ सगळे भाग आजही नवे मिळतात. खालचा पत्रा गेलेला असेल तर मात्र वेल्डिंगचं बिल गाडीच्या किमतीच्या वर जातं. म्हणून आधी गुडघे टेकून गाडीखाली बघायचं. नव्या रंगाकडे आणि चकचकीत क्रोमकडे तर बघूच नये, कारण विकणाऱ्याने पैसे तिथेच घातलेले असतात.

समजून घेण्यासाठी एमजीबी ही गाडी सोयीची आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या आणि त्यातल्या बहुतांश अमेरिकेला गेल्या. दोन दारं, कापडी हुड, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद. १९६५ पासून पक्क्या छपराची जीटीही आली. गाडीत संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो.

आपल्याकडच्या लोकांना तिचं इंजिन तर ओळखीचंच वाटेल. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सिरीज इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचं होतं. तेच घराणं वाढवून एमजीबीत १७९८ सीसीचं केलं आणि त्यावर दोन कार्बोरेटर बसवले. ॲम्बेसेडरवर हात काळे केलेला मिस्त्री एमजीबीचं टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट बसवणं) करताना गोंधळणार नाही. फक्त पाने इंची लागतील. मिलीमीटरचे पाने घालून नटांचे कोपरे मारून ठेवलेल्या गाड्या कमी नाहीत.

दाराखालची पेटी

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला खाली वेगळी चासी होती आणि बॉडी तिच्यावर बसवलेली होती. एमजीबीत चासी काढून टाकली. पत्र्याची बॉडी हीच चासी. गाडी हलकी झाली, आत जागा वाढली, पण सगळा भार पत्र्यावर आला. त्यात वर छप्पर नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण कापून काढलं की खोकं कसं पिळलं जातं, तसं या बॉडीचं व्हायला नको म्हणून दोन्ही बाजूंना, दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक पोकळ पेटी दिली आहे. तिला सिल म्हणतात. बाहेरून एकच पत्रा दिसत असला तरी आत आणखी थर आहेत: बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी. हे चारही एकमेकांना वेल्ड केलेले असले तरच पेटीला ताकद.

गंज सुरू होतो तो आतून. पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात चाकाने उडवलेला चिखल साठतो. तो ओलाच राहतो आणि सिलचं पुढचं टोक खातो. शिवाय काचेसमोरच्या जाळीतून आत जाणारं पावसाचं पाणी एका नळीने खाली निघून जायला हवं, पण ती नळी पाचोळ्याने तुंबते. मग पाणी आत गालिच्याखाली उतरतं आणि फरशीचा पत्रा वरून सडायला लागतो. सीटच्या मागे बॅटरीच्या पेट्या आहेत. जुन्या गाड्यांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांचं ॲसिड सांडून पेट्यांना भोकं पडलेली असतात. आता बहुतेक जण एकच बारा व्होल्टची बॅटरी लावतात, आणि ते बरंच आहे.

तपासायचं कसं? दार उघडताना ते वर उचलावं लागतं का बघा. बंद दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. वर निमुळती होत असेल तर गाडी मध्ये खचली आहे. मग जॅक लावायच्या जागी जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून बघा. उचलल्यावर दार अडकायला लागलं किंवा फट बदलली, तर सिलमध्ये दम राहिलेला नाही. पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन सिलच्या आणि मडगार्डच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

सगळ्यात वाईट काम म्हणजे सडलेल्या सिलवर नवा पत्रा वेल्ड करून झाकून टाकलेली गाडी. बाहेरून सरळ, गुळगुळीत. आत काहीच नाही. अशी गाडी विकत घेण्यापेक्षा उघडपणे गंजलेली स्वस्तात घेतलेली परवडते, कारण तिच्यात निदान काय आहे ते कळतं.

सिल बदलताना पथ्य एकच आणि ते न पाळल्यामुळे कित्येक गाड्या कायमच्या वाकड्या झाल्या आहेत. जुना पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करून ती पक्की करायची, गाडीचं वजन जिथे पेलतं तिथे आधार द्यायचा आणि एका वेळी एकच बाजू कापायची. मध्ये-मध्ये दार बसवून फट बघत राहायचं. दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मध्ये बसते, आणि मग नवे सिल त्या वाकड्या आकारातच वेल्ड होतात.

पत्रा अगदीच गेलेला असेल तरी एक वाट आहे, जी फार थोड्या जुन्या गाड्यांना मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीचे मूळ साचे शोधून काढले आणि १९८८ पासून त्यांवर नव्या कोऱ्या बॉडी बनवायला सुरुवात केली. जुन्या गाडीचं इंजिन, सस्पेन्शन, वायरिंग काढून नव्या बॉडीत घालायचं. हे इतकं जमलं की १९९२ मध्ये रोव्हर कंपनीने त्याच बॉडीच्या आधारावर आठ सिलिंडरची आरव्ही-८ ही गाडी काढली, आणि त्यातल्या बऱ्याचशा जपानला गेल्या. नवी बॉडी महाग पडते, हे खरं. पण सहा ठिकाणी ठिगळं लावण्याच्या मजुरीशी तुलना करूनच काय ते ठरवावं.

गाडी रस्त्यात बंद पडली तर

बंद कशी पडली हे आधी आठवायचं. किल्ली फिरवल्यासारखी एकदम गेली, तर बहुधा करंट. धक्के देत, मिसिंग मारत, पिकअप सोडत गेली, तर बहुधा पेट्रोल. एमजीबीत आणखी एक खूण मिळते. बहुतेक एमजीबींत टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारं मीटर) इग्निशनच्या करंटवर चालतो. गाडी अजून गियरमध्ये घरंगळत असतानाच त्याचा काटा धपकन शून्यावर आला, तर कॉइलला जाणारा करंटच तुटला आहे. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर करंट आहे, दुसरीकडे बघा.

मग किल्ली ऑन करून, सेल्फ न मारता, कान द्या. मागच्या बाजूला पेट्रोलचा विजेवर चालणारा एसयू पंप आहे. तो टिक-टिक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. टिक-टिक होऊन थांबली म्हणजे पेट्रोल पोचलं. थांबतच नाही, भराभर चालू आहे, तर टाकी रिकामी, कुठेतरी पंप हवा ओढतोय, किंवा कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल अडवणारी सुई अडकून पेट्रोल वाहतंय. तिसऱ्या शक्यतेत आधी वास घ्या, आणि आला तर किल्ली बंद करा. अजिबात आवाज नाही, तर पंपाचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटलेत किंवा त्याचं अर्थिंग गेलंय. पान्याच्या दांड्याने पंपाला हलकी टपली मारली की तो बऱ्याचदा चालू होतो. हा विनोद वाटला तरी पॉइंट सुटण्यापुरता धक्का पुरतो. घरी पोचल्यावर मात्र पॉइंट साफ करायचे किंवा पंप बदलायचा.

करंटकडची तपासणी समजायला कॉइलचं काम कळायला हवं. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. बारा व्होल्टचा करंट पहिल्या वेटोळ्यातून जात असतो, तोवर चुंबकीय क्षेत्र तयार होऊन बसतं. डेल्कोमधले (म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. क्षेत्र जितकं झटक्यात कोसळेल तितकी ठिणगी जोरदार. पण पॉइंट उघडताना करंटला त्या बारीक फटीतून उडी मारायची असते. ती उडी शोषून घ्यायला कंडेन्सर लावलेला असतो. कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात, क्षेत्र रेंगाळत कोसळतं आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी येते.

कंडेन्सरचा त्रास असा की तो गरम झाल्यावर दगा देतो. गाडी अर्धा तास छान चालते, बंद पडते, गार झाल्यावर पुन्हा चालू होते. लोक पेट्रोलची वाफ झाली म्हणून नळ्यांना ओली फडकी बांधत बसतात. त्यातून हल्ली बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर (डेल्कोत फिरून प्लगांना करंट वाटणारा तुकडा) यांतले कित्येक सुमार असतात. नवा भाग टाकला म्हणजे तो भाग संशयातून सुटला, असं इथे धरता येत नाही. चालू अवस्थेत काढलेला जुना कंडेन्सर आणि रोटर डिकीत ठेवावा. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला माझी हरकत नाही. फक्त पॉइंटची जुनी प्लेट, सेट केलेली, गाडीतच असू द्या. इलेक्ट्रॉनिक तुकडा गेला तर रस्त्यात दुरुस्त होत नाही.

वायरचे रंग

लुकास कंपनीच्या वायरिंगवर इंग्रजांनीच भरपूर विनोद केले आहेत. लुकासला ते ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. मला हा आरोप अर्धाच पटतो. त्या वायरिंगचं रंगांचं शास्त्र इतकं स्वच्छ आहे की एकदा कळलं की नकाशा फारसा लागत नाही. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, कायम जिवंत, फ्यूज नाही. पांढरी म्हणजे किल्ली ऑन केल्यावर जिवंत होणारी. कॉइलला आणि पंपाला तीच जाते. हिरवी म्हणजे पांढरीतूनच, पण फ्यूजमधून आलेली: वायपर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, मीटर. जांभळी म्हणजे कायम जिवंत आणि फ्यूज असलेली, म्हणजे हॉर्न वगैरे. निळी हेडलाइटची, लाल छोट्या दिव्यांची, काळी अर्थिंगची.

आता याचा उपयोग बघा. इंडिकेटर, वायपर आणि पेट्रोलचा काटा एकदम बंद पडले, पण गाडी चालू आहे. तीन वस्तू एकाच वेळी खराब होत नाहीत. तिन्ही हिरव्या आहेत. फ्यूज बघा, आणि फ्यूज शाबूत असेल तर त्याचे क्लिप खरवडून साफ करा.

खरा शत्रू म्हणजे पन्नास वर्षांचे जोड. गोळीसारख्या टोकांचे कनेक्टर आतून हिरवे-काळे पडतात. अर्थिंगचे बोल्ट रंगाच्या थरावर घट्ट केलेले असतात. दिवा मंद लागतो, एक इंडिकेटर लावला की मागचा दुसराच दिवा मिणमिणतो, ही अर्थिंगची लक्षणं आहेत: करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी तुटली किंवा बसवायची राहिली, तर सेल्फचा सगळा करंट चॉकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून जायला बघतो आणि ती तार चटका बसेल इतकी तापते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या लोखंडावर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. महागडी बॅटरी आणि सेल्फ बदलण्याआधी हे करावं.

१९६७ पर्यंतच्या एमजीबींत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे. आजचा कोणताही रेडिओ किंवा चार्जर न बघता लावला तर तो क्षणात जळतो. मधल्या काळात कुणी बदल करून टाकलेला असू शकतो, त्यामुळे सालावर न जाता बॅटरीच्या वायरी बघायच्या.

दोन कार्बोरेटर

एसयू कार्बोरेटर लोकांना उगाच गूढ वाटतो. शोधणारे स्किनर बंधू जोड्यांच्या धंद्यातल्या घराण्यातले होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. नंतर भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. कल्पना तीच. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो. त्याला खाली एक निमुळती सुई आहे, ती जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकात, लोंबते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, भोवतालची फट वाढते, पेट्रोल वाढतं. म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण पिस्टन स्वतःच सांभाळतो. वरच्या नळीत थोडं तेल घालतात. एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते पिस्टनला क्षणभर रोखतं, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, गाडी उसळी घेते. हे तेल संपलं की गाडी पिकअपला अडखळते. लोक त्यावर जेट, सुया, सगळं बदलतात. बघायचं असतं चमचाभर तेल.

मिश्रण तपासायची युक्ती: गरम, शांत चाललेल्या इंजिनवर कार्बोरेटरच्या खालच्या पिनने पिस्टन जेमतेम एक मिलीमीटर उचला. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन लगेच पडायला लागलं तर कमी आहे. किंचित वाढून पुन्हा बसलं तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुसफुस ऐकून ठरवता येतं.

पण कार्बोरेटरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आधी गार इंजिनवर टॅपेट, ०.०१५ इंच. मग प्लग, मग पॉइंटची फट, तीही ०.०१५ इंचांच्या आसपास, मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. जुने मेकॅनिक म्हणतात की कार्बोरेटरचे बहुतेक बिघाड डेल्कोत सापडतात. क्रम सोडून एका दिवशी चार गोष्टी फिरवल्या की कोणत्या बदलाने काय झालं ते कळायची वाट बंद होते.

थांबणं, वळणं, आणि मग बाकीचं

बरीच वर्षं उभी असलेली गाडी सुरू झाली की चालवायचा मोह होतो. आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाण्याने कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन आतून गंजून जाम होतात. ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात: पाय दाबला की दाब जातो, पण सोडल्यावर परत येत नाही आणि चाक धरून राहतं. कॅलिपर बदलण्याआधी नळ्या बदलून बघा. टायरची नक्षी खोल दिसली तरी बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. १२०८ असेल तर तो २००८ च्या बाराव्या आठवड्यातला आहे, काढून टाका. पुढच्या किंगपिनला (ज्यावर चाक वळतं त्या खिळीला) ग्रीसचे निपल आहेत. तिथे ग्रीस न मारल्यामुळे झिजलेल्या गाड्या मी बॉनेटखाली आरशासारख्या चकचकीत पाहिल्या आहेत.

क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागेल. एमजीबीचं क्लच बेअरिंग कार्बनचं आहे. पाय टेकलेला असला की ते झिजत राहतं, आणि ते बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गियर) असेल आणि चालत नसेल, तर गियरबॉक्स खोलायला नेण्याआधी त्याची वायर, स्विच आणि गियरबॉक्समधल्या तेलाची पातळी बघा. दोघांचं तेल एकच असतं.

सगळी गाडी एकदम खोलायची की चालवत-चालवत एकेक काम करायचं, या वादात मी दुसऱ्या बाजूला आहे. ज्यांनी पूर्ण खोलल्या, त्यांतल्या कित्येकांच्या गाड्या पुढे खोक्यांतून विकल्या जातात, अर्धे नट गायब. सिल धड असतील तर ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, इंजिन या क्रमाने काम करत गाडी रस्त्यावर ठेवता येते. रंग आणि सीटची शिवण केव्हाही होते.

पेट्रोलचं एक नवं दुखणं आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. आपल्याकडे तर आता वीस टक्क्यांचं आहे. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या मऊ करून फोडतं आणि हवेतली ओल ओढतं. कार्बोरेटरजवळच्या, गरम मॅनिफोल्डवरच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या लावा, सांधे दर काही महिन्यांनी हाताने चाचपून बघा, आणि गाडीत आग विझवायचा लहान सिलिंडर ठेवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाट्यांमधलं पेट्रोल काढून टाका.

कागदपत्रांचं देशादेशावर आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं उलटलेल्या, मोठे फेरबदल न केलेल्या गाडीला वाहन कर आणि वार्षिक तपासणी यांतून सूट मिळू शकते. तपासणीतून सूट असली तरी एकदा जाणत्या माणसाकडून गाडी खालून बघून घ्यावी. भारतात केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले: नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, दहा वर्षांची नोंदणी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी रस्त्यावर काढता येते. त्या नियमात गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. त्यामुळे दुसरं इंजिन, रुंद मडगार्ड असले बेत आखण्याआधी नियम वाचा, आणि जे मूळ भाग काढाल ते भंगारात न देता चिठ्ठ्या लावून ठेवा.